उसवलेला बिल्ला

लाइट गेली तर गेली, शेगडी आहे ना? सरका जवळ. श्याम, तो मोबाइल खिशात. आणि वीणा, मध्येच 'अण्णा, मला भीती वाटते' म्हणायचं नाही. भीती वाटावी म्हणूनच सांगतोय.

गोष्ट गुणवंत देवधरची. माझ्याच मंत्रालयात होता, आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. रात्र पंधरा जानेवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची. आदल्या दिवशी संक्रांत झालेली, म्हणजे त्या दिवशी किंक्रांत. तोंडं काय बघता एकमेकांची? दिल्लीत वाढलेली पोरं तुम्ही, तिळगूळ तेवढा ठाऊक. किंक्रांत म्हणजे करिदिन. चांगलं काम काढायचं नाही, उगाच बाहेर पडायचं नाही. त्याच्या बायकोनं, हेमलतावहिनींनी, बजावलं होतं. पण गुणवंतनं सकाळी टीव्हीवर सेनादिनाची परेड पाहिली होती आणि त्याला धीर निघेना. मार्केटात फ्रेम तयार होती. ती आणायला तो रात्री जेवून निघाला.

फ्रेममध्ये होता एक कापडी बिल्ला. फौजी लोक बाहीवर, खांद्याच्या जरा खाली शिवतात ना, तसला. काळी ढाल, तिच्यावर पिवळा विंचू. गुणवंतला या बिल्ल्यांचं वेड. पासष्ट, एकाहत्तर, कुठल्याही लढाईतला बिल्ला दाखवा, तुकडी कुठली, आघाडी कुठली, घडाघडा सांगायचा. विंचवाची ती तुकडी लढाईपुरती उभी केलेली, लढाई संपल्यावर मोडलेली. असा बिल्ला त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

तो त्याच्याकडे आला कसा, ते ऐका. दिवाळीनंतर साताऱ्याकडची एक बाई पुतण्याला घेऊन दिल्लीला आली होती. सुनंदाबाई फडतरे. नवरा शांताराम, लान्सनायक, एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता. घरी आली ती मागं ठेवलेल्या सामानातली एक लोकरी जर्सी. बाहीवरचा बिल्ला उसवलेला आणि खिशात घडी करून ठेवलेला. गावानं त्यावरून कुभांड रचलं. पळपुटा होता, म्हणून साहेबानं बिल्ला उतरवला. गावच्या हुतात्मा स्तंभावर सगळ्यांची नावं, शांतारामचं तेवढं नाही. कुणीतरी तिला सांगितलं, दिल्लीत एक मराठी साहेब आहेत, त्यांना बिल्ल्यांतलं सगळं कळतं.

ती गुणवंतच्या बैठकीत जमिनीवरच बसली. जर्सी पुढ्यात पसरली. म्हणाली, "सायेब, खरं काय ते सांगा. माझं मालक पळालं व्हतं का?"

गुणवंतला उत्तर पाठ होतं. आघाडीवर निघण्याआधी बिल्ला उसवायचा हुकूम असतो. समोर कुठली तुकडी आलीय ते शत्रूला कळू नये म्हणून. म्हणजे तो उसवलेला बिल्लाच सांगत होता, की शांताराम लढायला गेला. एक वाक्य बोलायचं होतं, पोरांनो. एक वाक्य.

पण ते बोलला असता तर तिनं बिल्ला छातीशी धरून परत नेला असता.

"शिक्षा म्हणूनच उतरवलेला दिसतो," गुणवंत म्हणाला. "असली वस्तू घरात ठेवू नये, बाई. अशुभ असते."

तिनं बिल्ला टेबलावर ठेवला, जर्सी उचलली, गेली. महिन्याभरानं पुतण्याचा फोन आला. काकूनं घरी जाऊन जर्सी चुलीत घातली, अन्न सोडलं, आणि गेली. गुणवंतला वाईट वाटलं असेल म्हणता? छे! आता बिल्ला मागायला कुणी येणार नाही, असं वाटलं त्याला. त्यानं ते स्वतः मला सांगितलं, त्या किंक्रांतीच्या रात्री. माझा हात उठता उठता राहिला.

तर फ्रेम मिळाली. फ्रेमवाला म्हणाला, "साहब, जल्दी निकलो, कोहरा उतर रहा है." गुणवंत फ्रेम बगलेत मारून निघाला. क्वार्टरांच्या गल्लीत शिरला तोवर धुकं एवढं दाट झालं की खांबावरचा दिवा दिसेना. नुसता पिवळा डाग.

आणि वास आला. लोकर जळल्याचा.

कुणीतरी शेकोटी केली असेल, असं म्हणून तो चालत राहिला. वास बरोबर चालत आला. मग मागून आवाज आला, अगदी साधा, आपल्याकडचा...

"सायेब, ह्यो बिल्ला वळखता का?"

गुणवंत वळला. जर्सी घातलेला एक माणूस. कडा जळून काळ्या पडलेल्या. चेहऱ्यापाशी धुकं. त्यानं डावा खांदा पुढं केला. बाहीवर बिल्ला नव्हता. सुईची भोकं होती, ढालीच्या आकाराची, त्यांत हिरव्या दोऱ्याचे तुकडे.

"वळखा."

"विंचू..." गुणवंतनं फ्रेम घट्ट धरली. "विंचवाचा आहे."

"मग हितं का न्हाई?"

"उसवलाय."

"का उसवत्यात?"

गुणवंत एक पाऊल मागं सरला.

"सांगा की. तुमास्नी सगळं कळतं."

"लढाईवर... लढाईवर निघताना उसवतात."

"तिला का न्हाई सांगितलं?"

गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. तो माणूस एक पाऊल जवळ आला. त्याच्या तोंडून वाफ येत नव्हती. अगदी हळू म्हणाला,

"म्या बी लढाईवरच निगालोय, सायेब."

आणि गल्ली रिकामी झाली.

गुणवंत धावत आला तो थेट माझ्या दारात. फ्रेम बगलेतच होती. काच शाबूत, मागचे खिळे जागच्या जागी. आत बिल्ला नव्हता. त्यानं सगळं ओकलं, आवाज ऐकून वरून खाली आलेल्या वहिनींसमोर. "अण्णा, उद्याच्या गाडीनं मी साताऱ्याला जातो. गावासमोर सांगतो, शांताराम पळाला नव्हता. नाक घासतो." मी म्हटलं, "आत्ता जा. स्टेशनवर जाऊन बस." तर काय म्हणाला माहीत आहे? "आज किंक्रांत आहे ना, अण्णा. उद्या." फ्रेम आणताना किंक्रांत नव्हती!

सकाळी वहिनींची किंकाळी ऐकू आली. तो अंथरुणात गार. डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिलं.

साताऱ्याला मीच गेलो. ग्रामपंचायतीसमोर उभं राहून सांगितलं. शांताराम फडतऱ्याचं नाव आता त्या स्तंभावर आहे, जाऊन बघा. सुनंदाबाईला त्याचा काय उपयोग, ते मला विचारू नका.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. गुणवंतला न्यायच्या आधी आंघोळ घालायची होती. पाणी मी घालत होतो. सदरा काढला. सदरा धड होता, कुठं फाटला नव्हता.

डाव्या खांद्याखाली, कातडीवर, बारीक भोकं होती. सुईची. ओळीनं, जवळ जवळ, ढालीच्या आकाराची. रक्ताचा थेंब नाही. काहीतरी शिवून नंतर उसवून घ्यावं, तशी.

एका भोकात हिरव्या दोऱ्याचं टोक राहिलं होतं. मी चिमटीत धरलं...

आतून कुणीतरी ओढून घेतलं.