गाणं सुरू होण्याआधी

वारजेतल्या त्या हॉलमध्ये मी चटई अंथरली, आडवी झाले आणि डोळे मिटले. नोकरीसाठी यवतमाळहून पुण्यात आल्यापासून माझी झोप पार उडाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ध्यानाच्या वर्गाला जा. म्हणून आले होते. आजूबाजूला पावलं वाजली, कुजबुज झाली, मग सगळं शांत... बराच वेळ शांत.

"अहो," शेवटी वरून आवाज आला, "झोपून नाचायची पद्धत पुण्यात अजून आलेली नाही."

डोळे उघडले. एक उंच, सडपातळ मुलगा हातात स्पीकर घेऊन उभा होता, आणि त्याच्यामागे हसू दाबत पाच-सहा जोडपी!

"बाप्पा! ध्यान नाही का इथं?"

"ध्यान वरच्या मजल्यावर. पण आता जाग्या झालाच आहात, तर जरा पाय हलवून बघा. नाही आवडलं तर जिना आहेच."

जिना मी कधी चढलेच नाही.

त्याचं नाव केयूर. दिवसा एका पुनर्वसन केंद्रात रुग्णांना चालायला शिकवायचा आणि संध्याकाळी आम्हाला नाचायला. मी सारखी खाली बघायची. "अपेक्षा, पायांकडे नको, माझ्याकडे बघा," तो म्हणायचा. बघितलं की हमखास पाऊल चुकायचं, हे त्याला कोण सांगणार?

हिंजवडीतल्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि रात्री अंथरुणात स्वतःच्या. पण नाचाच्या दिवशी पाठ टेकताच झोप लागायची. फोनवर आई म्हणाली, "काय वं, लयच खुशीत दिसून राहिली!"

एकदा नाचता नाचताच मी केयूरला विचारलं, "हे होतं तरी कसं?"

त्याचे डोळे चमकले. "मेंदूला एकाच वेळी ताल ऐकायचा असतो, पाऊल आठवायचं असतं, तोल सांभाळायचा, समोरच्याशी जुळवून घ्यायचं... काळजी करायला त्याला सवडच उरत नाही. आमच्याकडे कंपवाताचे एक आजोबा आहेत. चालताना पाऊल अडतं त्यांचं. पण मी टाळ्यांनी ताल धरला, की खोली ओलांडतात! तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा तुम्ही..." त्यानं बाहीनं डोळे पुसले. किती आवडला मला तो त्या क्षणी!

आणि मग त्यानं सगळ्यावर पाणी फिरवलं. "शिवाय नाचताना मेंदूत आनंदाची रसायनं तयार होतात. ज्याच्यासोबत नाचतो, तो माणूससुद्धा आपोआप बरा वाटायला लागतो."

माझा हात त्याच्या हातातून निसटला. म्हणजे त्याला पाहिल्यावर होणारी ही धडधड — ती नुसती नाचाची? नाच थांबला की तीही ओसरणार? परक्या शहरात मी जीव लावणार होते, तो अशा उसन्या आनंदाला नव्हे.

आमच्या कामात एक नियम असतो. दोन गोष्टींपैकी नेमकी कुठली कारण आहे हे कळत नसेल, तर एक काढून बघायची.

"मला तुम्हाला नाचाशिवाय भेटायचंय," मी धीर करून म्हणाले. "जिथे आनंदी व्हायला काहीच कारण नाही, अशा जागी."

त्याला कळलं. कान लाल झाले. "अशी जागा पुण्यात एकच... ऑफिसं सुटल्यावरची हिंजवडी."

शुक्रवारी संध्याकाळी तो गाडी घेऊन आला. अटी माझ्या होत्या — गाणी नाहीत, रेडिओ नाही, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायचा नाही. वाटेतल्या पुलाच्या अलीकडेच सगळं ठप्प झालं. हॉर्न, धूर, वैताग!

"पुढच्या रिक्षावाल्यानं आरसे फक्त केस विंचरायला लावलेत," केयूर पुटपुटला. मला हसू आवरेना. आम्ही एकाच पुडीतले शेंगदाणे खाल्ले. तो बोलत राहिला, मी ऐकत राहिले... आणि धडधड जागच्या जागी होती.

मग मी डोळे उघडले, तेव्हा गाडी माझ्या इमारतीखाली उभी होती. इंजिन बंद, अंगावर त्याचं जाकीट.

"उठवलं का नाही?"

"उठवावंसं वाटेना. मग... तपासणीचा निकाल काय?"

"गाणं नाही, नाच नाही, वर एवढा गोंगाट. तरी झोपले मी, केयूर. तुझ्याजवळ." तोंडातून 'तुझ्या' कधी निघालं, कळलंच नाही. "आवडतोस तू मला. नाचाशिवायसुद्धा."

तो माझ्या अंगावरचं जाकीट नीट करू लागला. मी त्याचा हात थांबवला.

"आणि तुझं काय? तुझी नुसती रसायनंच असतील तर?"

"माझी तपासणी कधीच झाली." तो समोरच्या काचेकडे बघत हळूच म्हणाला, "तू चटईवर डोळे मिटून पडली होतीस ना... सगळे खुणावत होते, उठव तिला, उशीर होतोय. मला उठववेना. स्पीकर हातात घेऊन नुसता बघत उभा राहिलो."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"अपेक्षा, तेव्हा गाणं सुरूच केलं नव्हतं मी."