रस्ता पाठ झालेली गाडी

रुद्रगड संस्थानच्या कारखान्यात, एकोणीसशे चौतीस सालच्या चैत्रात, हस्तिदंती रंगाची एक लांबलचक प्रवासगाडी उभी होती आणि तिच्याखाली संस्थानचा इंजिनियर मोरेश्वर चांदोरकर उताणा पडला होता. तीन वर्षं तो असाच पडत आला होता. आता कमरेनंही तक्रार करायचं सोडलं होतं.

"निघ बाहेर, मोरेश्वर!" फिरोजशा म्हणाले. हे संस्थानचे धातुतज्ज्ञ. "तू रोज बघितलंस म्हणून कमान काय जास्त शिकणार हाय?"

"शिकलेलं विसरली तर नाही ना, ते बघतोय."

"लालबुंद तापवल्याशिवाय ती विसरत नाय. कितीवार सांगू?"

गाडीचं नाव हंसगती. महाराजांना ती विलायती गाड्यांच्या पंक्तीला बसवायची होती; पण मोरेश्वर राबला तो आईसाहेबांसाठी. महाराजांच्या या वृद्ध मातोश्री पाच वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्या आणि पाठीचा कणा दुखावला. एक मोठा धक्का बसला तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पालखीही नको, भोयाचा पाय चुकला तर? आणि आईसाहेबांची इच्छा एकच: चार मैलांवरच्या टेकडीवर, रामाच्या देवळात, गोविंदबुवांचं रामजन्माचं कीर्तन एकदा ऐकायचं. बुवांनाच राजवाड्यावर आणू, असं कुणीसं सुचवलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बुवा येतील रे. रामाला कसं आणशील?"

म्हणून चाकांवर बसवलेली ही स्मृतिकमान, आठवण ठेवणारी स्प्रिंग. फिरोजशांच्या या मिश्रधातूला बसलेला प्रत्येक हिसका लक्षात राहत असे. चाकाला जोडलेला पथगणक राजवाड्याच्या दरवाज्यापासूनचे फेरे मोजी. ठरावीक फेऱ्याला खड्डा आला की कमान आधीच चाक खाली दाबी, उंचवटा आला की वर ओढी. आतल्या माणसाला काही कळतच नसे.

"म्हणजे टाळकऱ्यासारखं," मोरेश्वर एकदा म्हणाला होता. "बुवा धृपदावर येणार हे त्याच्या हाताला आधी कळतं."

"तुझ्या टाळकऱ्याला कान हाय. हिला नाय. ही नुसती मोजते."

टेकडीच्या त्या रस्त्यावर चाळीस फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत मोरेश्वरनं मागच्या बैठकीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला होता. थेंब सांडला नाही. पुढचे आठ दिवस तो कारखान्यातच गाद्या बसवत राहिला. आनंद व्हायला हवा होता. पण आंब्याची डहाळी फार वाकवली की तिला पुन्हा सरळ व्हायची हौस उरत नाही, तसं त्याचं झालं होतं.

रामनवमीच्या सकाळी, आईसाहेबांना घेण्याआधी, एकदा बघून यावं म्हणून तो आणि फिरोजशा गाडी घेऊन दरवाज्यातून निघाले.

शंभर पावलांवर गाडी उसळली. फिरोजशांची टोपी छताला लागली.

"अरे, हे काय?"

पुन्हा उसळी, मग दणका. मोरेश्वरनं ब्रेक लावला, खाली उतरला आणि बघतच राहिला. रस्ता आरशासारखा सपाट होता. मुरूम टाकून, पाणी मारून, रूळ फिरवून केलेला. दुतर्फा झेंडूची तोरणं. पुढून नवा फेटा बांधलेले ओव्हरसियर खंडेराव शिंत्रे हसत आले.

"कसा काय झालाय, साहेब? आठ दिवस दोनशे माणूस लावलं! आईसाहेब जाणार म्हटल्यावर खड्डे ठेवतो होय आम्ही?"

मोरेश्वर रस्त्याच्या कडेलाच बसला. गाडी आता नसलेल्या खड्ड्यांत चाकं दाबत होती आणि स्वतःच वर फेकली जात होती.

"पण तुम्ही हे आधी का नाही केलंत, खंडेराव?"

"आधी कोण जात होतं? बडी स्वारी निघाली की रस्ता होतो, साहेब, रीतच आहे. आणि तीन वर्षं जो तो गाडीचंच बोलत होता. रस्त्याचं कुणी बोललंच नाही."

"कमान तापवून विसरायला लावू," फिरोजशा म्हणाले, पण त्यांचाच आवाज पडला. "कोरी कमान तर पहारीसारखी ताठ, गणक काढला तरी तेच. मग चाळीस फेऱ्या परत... जन्म तर बारा वाजता."

"साहेब, पुन्हा खणू का?" खंडेरावांनी अगदी मनापासून विचारलं.

मोरेश्वरला हसू आलं. तीन वर्षांतलं पहिलं. तो उठला आणि रस्त्यावर तळहात फिरवला. कुठंही खडा लागला नाही.

"नको," तो म्हणाला. "आईसाहेबांची जुनी दमणी बाहेर काढा. चार गाद्या घाला, बैल म्हातारे जुंपा."

दमणी निघाली. ती संथ चालली, घुंगरंसुद्धा जपून वाजली. हंसगती दरवाज्याशी उभी राहिली. मोरेश्वर दमणीशेजारून चालत होता. आत आईसाहेब डोळे मिटून होत्या. चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नव्हती.

टेकडीवरून मृदंगाची थाप ऐकू येऊ लागली. पिंपळाचं वळण आलं आणि मोरेश्वरनं सपाट रस्त्यावर एक लांब ढांग टाकली. थोडं पुढं जाऊन दुसरी. पडद्याआडून आईसाहेबांचा हसरा आवाज आला, "इंजिनेर, काय ओलांडताय?"

तो थांबला. पायाखाली काहीच नव्हतं.

"खड्डा होता, आईसाहेब," तो म्हणाला. "इथं मोठा खड्डा होता."