वर्षाचा बिल्ला

दुपारी साडेतीनला धम्मप्रिया वडिलांचा, धर्मपालांचा, दंड धरून मंद्रूपच्या स्टँडवर उतरली. भाद्रपदातली बारीक झिमझिम चालू होती. बाजाराचा दिवस होता आणि धर्मपालांनी सकाळपासून घेतली नव्हती. मदतीच्या नंबरवर फोन केला तेव्हा एवढंच कळलं होतं : वाचनालयामागची खोली, चार वाजता, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग. पण वाचनालय कुठं, हे विचारायची तिला चोरी होती. विचारलं की कशाला, हे आलंच.

छपराखाली तिशीतला एक जण उभा होता. हातात रिकामी पिशवी. त्यानं धर्मपालांच्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वाचनालयात का?"

तिनं वडिलांचा दंड आणखी घट्ट धरला.

"पिशवी आणली न्हाय तुमी," तो हळूच म्हणाला. "मीटिंग बाजारादिवशी त्याच्यासाठीच ठेवलीया की. पिशवी दिसली की कुणी इचारत न्हाय, कुटं निघालाव."

त्यानं आपली पिशवी धर्मपालांच्या हातात दिली.

"मग तुम्हाला विचारलं तर?"

"सांगीन... पिशवी हरवली, तीच हुडकतोय."

कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. आणि त्या हसण्याचा तिला रागही आला.

तो अभिमन्यू. मैंदर्गीचा शेतकरी. आपल्या गावात कुणाला कळू नये म्हणून तो दोन गाड्या बदलून इथं यायचा. दारू सोडून त्याला सात महिने झाले होते. मीटिंग सुरू झाली, की प्रत्येक जण आपलं नाव आणि आपला आकडा, म्हणजे दारू सोडल्याचे दिवस, सांगायचा. ओसरीत बसलेल्या धम्मप्रियाला खिडकीतून सगळं ऐकू यायचं. त्या दिवशी वडिलांचा आकडा निघाला एक. अभिमन्यूचा दोनशे बारा.

शहरात नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात ती कामाला होती; तिथली आठवड्याची सुट्टी तिनं बाजारादिवशी घेतली. वडिलांसाठीच. असं ती स्वतःला बजावायची.

मीटिंग सुटल्यावर पिशवीत काहीतरी घालावंच लागायचं.

"दर वेळी वांगीच?" तिनं एकदा विचारलं.

"वांगीवाली लांब बसती. चालायला वाट मिळती."

"घरी कोण खातं एवढी?"

"म्हैस," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आता तीबी तोंड फिरवतीया..."

हिवाळ्यात तो हुरडा घेऊन आला. धर्मपालांच्या ओंजळीत त्यानं अर्धा ओतला, उरलेला तिच्यापुढं धरला. देताना बोटं लागली. दोघांनीही हात मागे घेतला नाही. तिथंच त्यानं तिला लग्नाचं विचारलं.

"उत्तर लगेच न्हाय दिलं तरी चालंल."

धम्मप्रियानं हुरड्यातली कुसळं निवडत उत्तर दिलं. "आईची बावीस वर्षं वाट बघण्यात गेली. बाबा येतील, शुद्धीत येतील... वाट बघतच गेली ती. मी तसं जगणार नाही, हे ठरलेलं आहे." मग खालच्या आवाजात, "तुमचं वर्ष भरू दे. त्या दिवशी सांगेन."

"हो म्हणणार का न्हाय, तेवढं तरी..."

"वर्ष भरू दे, म्हटलं ना."

वर्ष पुरं करणाऱ्याला गटाकडून पितळी बिल्ला मिळायचा, आणि तो कुणाच्या हातून घ्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. अभिमन्यूनं तिचं नाव सांगितलं. नऊ वर्षं गट चालवणारे अण्णाराव चष्मा काढून पुसत बसले.

फेब्रुवारीतला तो दिवस मळकट उजाडला. तिनं निळी ओढणी घेतली होती. अण्णारावांनी दिलेली बिल्ल्याची डबी मुठीत गरम झाली होती. उत्तर 'हो' होतं. वडिलांना ते गाडीतच कळलं होतं, आणि त्यांनी नुसती मान डोलावली होती.

अभिमन्यू चारला पाच कमी असताना आला. नेहमीच्या जागी बसला नाही. दाराजवळच्या, नव्यानं येणाऱ्यांच्या खुर्चीवर बसला. त्याची पाळी आली.

"मी अभिमन्यू. आज दुसरा दिवस."

तो खिडकीकडे न बघता बोलत होता.

"परवा घेतली. दोनच दिवस ऱ्हायले हुते. भांडण न्हाय, दुःख न्हाय... भ्या वाटलं. ती हो म्हणाली तर? तिच्या आईसारखं तिचं केलं तर? कुणालाच ठावं न्हाय. गप बिल्ला घेतला असता तरी खपलं असतं. पण तिच्या हातून घेववंना."

मीटिंग संपल्यावर तो ओसरीपाशी थांबला. "आनखी एक वर्ष मागत न्हाय तुमच्याकडं," तो म्हणाला. "तुमी वाट बघू नका. एवढंच सांगायला आलतो." आणि बाजारात न शिरता सरळ स्टँडकडे गेला. पिशवी रिकामीच होती.

अण्णारावांनी डबीसाठी हात पुढं केला. धम्मप्रियानं दिली नाही. गाडीत धर्मपालांनी तिच्या हातातल्या डबीकडे पाहिलं. "खरं बोलला पोरगा," ते म्हणाले. "मी तुझ्या आईला एकदाबी खरं सांगितलं न्हाय."

पुढच्या बाजारादिवशी साडेतीनच्या गाडीनं अभिमन्यू आला. आकडा सांगितला, नऊ. धम्मप्रिया ओसरीत होती. ती त्याच्याशी अजून बोललेली नाही. डबीही तिनं परत केलेली नाही.