हरणीच्या पोटातला भाला

भाऊजींना तोंडावर खोटं पाडायचं, एवढ्याच हेतूनं मी त्या गुहेत पुन्हा उतरले.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आदिमानवाच्या चित्रांचे नावाजलेले अभ्यासक. गुहांमधल्या चित्रांच्या नकला मी त्यांच्यासाठी काढायची. गेल्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं, आणि माझ्याच नकलेतल्या हरणीच्या पोटात भाला घुसलेला दिसला. मी तो काढलाच नव्हता! खाली ठोकून दिलं होतं : ‘शिकार हाती लागावी म्हणून केलेला मंत्रविधी.’

"तुझ्या नजरेतून सुटला असेल," ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोबत भाऊजी होतेच; तिसरा आमचा दोरवाला, उभं आयुष्य खाणीत काढलेला. "डोंगरावर ढग भरलेत," त्यानं बजावलं. "दोन तासांत परत फिरायचं. आत पाणी चढलं की गुहा कुणाची सगीसोयरी नसते."

चाळीस हात खोल विवर आम्ही दोरावरून उतरलो. पुढे गुडघाभर गार ओढा, आणि मग पोटावर सरपटत जाण्याइतकाच बोळ. कोपरं सोलवटली. अखेर दालन आलं. दिव्यांच्या उजेडात गेरूची हरणी भिंतीवर उभी राहिली. काढणाऱ्यानं खडकाचा फुगवटा नेमका तिच्या पोटाशी साधला होता, आणि त्या फुगवट्यावर बोटानं रेखलेलं इवलंसं पाडस! भाल्याचा मागमूस नव्हता.

मी भराभर फोटो घेतले. "दाखवा ना आता भाला!"

भाऊजींनी ओला फडका काढला. "रंग पुसट झालाय. वरची धूळ पुसली की दिसेल."

"हात लावाल तर याद राखा!" मी त्यांचं मनगट धरलं. "हजारो वर्षं टिकलंय ते. तुमच्या एका वाक्यासाठी पुसणार?"

"वाक्य नाही, माझी वीस वर्षं आहेत ती!"

"भांडणं घरी करा!" दोरवाला ओरडला. "पाणी आलंय!"

ओढा गरजत होता. बोळात शिरलो तेव्हा पाणी हनुवटीला लागलं. दोरवाला पार झाला. मी पार झाले. मागून किंकाळी आली. भाऊजी अडकले! खांदा खडकात रुतला होता. पाणी ओठांशी आलं होतं.

मी बोळाच्या तोंडाशी आडवी झाले. एका हातात कॅमेऱ्याची पेटी, पाण्याच्या वर धरलेली. दुसऱ्या हातानं ओढलं. ते तसूभर हलेनात. माझा सगळा पुरावा त्या पेटीत होता! मी शिवी हासडली आणि पेटी सोडली. प्रवाहानं ती गिळली. दोन्ही हातांनी त्यांना धरलं.

"श्वास सोडा! सगळा सोडा!"

खांदा सुटला.

दोरवाल्यानं आम्हाला एकेक करून वर खेचलं. विवराच्या काठावर तिघंही चिखलात पडून राहिलो. धाप ओसरल्यावर दोरवाल्यानं विचारलं, "पण एवढ्या आत जाऊन त्या जुन्या लोकांनी ते चित्र काढलं कशाला असेल?"

भाऊजींनी तोंड उघडलं. आता मंत्र, आता विधी! मी मुठी आवळल्या.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून असेल. नुसतं आवडलं म्हणूनही असेल. खरंच ठाऊक नाही." मग खाली बघत म्हणाले, "भाला मी काढला होता."

एवढ्यानं माझा राग निवणार नव्हता. "मला काय सांगता? छापा तसं!"

"तू मजकूर लिही, मी सही करतो. खांदा फार दुखतोय."

"भाला काढताना नव्हता दुखला! स्वतः लिहा."

 दोरवाल्यानं गाडीतून वही आणली आणि भाऊजींच्या मांडीवर ठेवली.