बिननावाचं वाक्य

"हेल्मेट घातल्याशिवाय आत नाही, मॅडम."

सातिवलीच्या गोदामाच्या दारात त्यानं तिला अडवलं, तीच त्यांची पहिली भेट. ॲनिशा नायगावची, कंपनीच्या जनसंपर्क विभागात नवी. कंपनीच्या मासिकासाठी फोटो काढायला आली होती. प्लासिड नंदाखालचा, गोदामाची सुरक्षा पाहणारा.

"केस बिघडतील माझे."

"बिघडू देत. डोकं तर राहील."

तिला हसू आलं… आणि पुढच्या महिन्यात काही काम नसताना ती पुन्हा आली.

"आज काय काढायचंय?"

"तुमची खोडी."

वर्षभरात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली की दोघं बावखलाच्या — गावच्या जुन्या तळ्याच्या — काठी पाण्यात पाय सोडून बसत. तो गाऱ्हाणं सांगे — गोदामातली वायरिंग जुनी झालीय, तीन पत्रं दिली, कुणी ऐकत नाही. ती स्वप्न सांगे — एक दिवस जनसंपर्क व्यवस्थापक व्हायचं.

"मग चौथं पत्र तूच लिही," तो हसे, "तुझं तरी ऐकतील."

फेब्रुवारीत गोदाम जळालं. माणसं वाचली, पण पत्रकार दाराशी आले. साहेबांनी ॲनिशाला बोलावलं. "तासाभरात निवेदन हवं. नीट निभावलंस, तर व्यवस्थापक तूच."

तिला ती तीन पत्रं आठवली. तरी तिनं लिहिलं — ‘आग मानवी चुकीमुळे लागली.’ नाव कुणाचंच घातलं नाही. वाटलं, कुणाला लागणार नाही. पण सुरक्षा पाहणारा माणूस तिथं एकच होता.

प्लासिड भांडला नाही. बावखलाकाठी एवढंच म्हणाला, "तुला ठाऊक होतं, ॲनिशा."

"माझ्या हातात नव्हतं रे…"

"लिहिणं तर होतं ना? या रविवारी डॅडींना घेऊन तुमच्या घरी येणार होतो — मागणी घालायला. आता त्यांना काय सांगू, तेही तूच लिहून दे."

त्याच आठवड्यात कंपनीनं प्लासिडकडून राजीनामा लिहून घेतला.

पहिल्या तारखेला ती व्यवस्थापक झाली. नेमणुकांची आणि निरोपांची पत्रकं तिच्याच टेबलावरून निघत. पहिलंच पत्रक तिनं लिहिलं, ‘प्लासिड यांनी कंपनी सोडली आहे.’ साहेबांनी त्यात ‘स्वेच्छेने’ असा एक शब्द घालून कागद परत पाठवला. ॲनिशानं तो शब्द खोडला…

मग तिनं तो पुन्हा लिहिला, आणि खाली सही केली.