काटा पन्नासवर, गाडी चाळीसवर

त्या सकाळी कापूस लादलेल्या एका ट्रॅक्टरने ज्योत्स्नाला मागे टाकलं, आणि तिने नावं ठेवली ती ट्रॅक्टरवाल्यालाच. तिच्या मोटारसायकलचा काटा पन्नासवर होता. पन्नासच्या वर ट्रॅक्टर पळवायचा म्हणजे काय, लोकांना जिवाची पर्वाच उरली नाही, असं हेल्मेटच्या आत पुटपुटत ती सोनगीरहून नरडाण्याला, कारखान्यातल्या नोकरीवर निघाली होती. ट्रॅक्टर गेला, पण मागची काळी मोटारसायकल मात्र मागेच राहिली. पुढे जाईना की हॉर्न देईना.

ज्योत्स्ना घाबरणाऱ्यांतली नव्हती. चार माणसं बसलेलं चहाचं दुकान बघून तिने गाडी थांबवली आणि मागच्याला हात करून बोलावलंच.

"काय हो, एवढा रस्ता कमी पडतो का तुम्हाला?"

त्याने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले, डोळे भलतेच प्रामाणिक. "रागावू नका, ताई. तुमची गाडी ओढत नाहीये असं वाटलं. मध्येच बंद पडली तर... म्हणून मागे थांबलो."

"पन्नासने चाललेली गाडी बंद कशाला पडेल?"

"पन्नास?" तो हसला नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "पण मी तर चाळीसने येत होतो, ताई... तुमच्या मागे."

"मग तुमचं मीटर बिघडलंय. दाखवून घ्या कुठेतरी," असं म्हणून ती निघून गेली. पण दिवसभर ऑफिसात तो ट्रॅक्टर काही तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

पन्नासचा आकडा तिच्यासाठी साधा नव्हता. तिचे वडील, कौतिक आबा, याच महामार्गावर गाडीवरून पडले होते आणि तेव्हापासून लंगडत चालत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. लेकीला नोकरीसाठी स्वतःची मोटारसायकल देताना त्यांनी एकच अट घातली होती: "काटा पन्नासना वर गया, तं चावी मना हातमा." चावी गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की घरात बसून पाहुण्यांपुढे पोहे न्यायचे, हे ज्योत्स्नाला ठाऊक होतं. त्यामुळे ती काट्याकडे देवाच्या समईसारखं लक्ष ठेवून गाडी चालवी.

दुसऱ्या दिवशी तो त्याच चहाच्या दुकानाशी उभा होता. नाव हितेंद्र. यावलकडच्या केळीवाल्या घरातला, जळगावच्या एका पाइप कंपनीत कामाला. नरडाण्यात एका नव्या कारखान्याची पाइपलाइन टाकायला आला होता आणि तेवढ्यापुरती धुळ्यात खोली घेतली होती. ही सगळी माहिती त्याने न विचारता दिली.

"आज परीक्षाच घेऊ, ताई. सर्व्हिस रोडने शेजारी शेजारी चला. माझ्या फोनवरही वेग दिसतो, म्हणजे मीटर आणि फोन दोन्ही साक्षीला. मी जो वेग धरीन तो बोटांनी दाखवतो, तुम्ही तुमच्या काट्याचा दाखवा."

सर्व्हिस रोड मोकळा होता. एका बाजूला फुटलेली कपाशी, दुसऱ्या बाजूला महामार्ग. हितेंद्रने वेग स्थिर धरला आणि डावा हात उचलून चार बोटं दाखवली. ज्योत्स्नाने काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा काट्याकडे... आणि निमूटपणे पाच बोटं वर केली. तो आता मात्र हसला. हेल्मेटच्या काचेतूनही कळलं तिला.

"पुढच्या चाकात एक छोटी दातेरी गरारी असते," चहा पिताना त्याने सांगितलं. "ती फिरते तसा काटा फिरतो. कोणीतरी दुसऱ्याच मॉडेलची बसवलीय. त्यामुळे वेगही जास्त दाखवते नि किलोमीटरही."

"किलोमीटरही?" ज्योत्स्नाने कपाळाला हात लावला. आपली गाडी कशी अख्ख्या गावात जास्त ॲव्हरेज देते, हे आबा पारावर बसून रोज ऐकवत असत. "आबांना कोणी सांगायचं आता?"

"मी धुळ्यात गरारी शोधतो. बसवली की काटा खरं बोलेल. तोपर्यंत... मी येतो ना सोबत. अंदाज सांगायला."

झालं. रोज सकाळी सोनगीरच्या फाट्यावर दोन गाड्या एकत्र येऊ लागल्या आणि चाळीसने नरडाण्याला जाऊ लागल्या. गरारी मात्र येईना. आज दुकान बंद होतं, उद्या माल संपला होता, परवा दुकानदाराच्या भाच्याचं लग्न होतं. ज्योत्स्नाही फारसं टोचून विचारत नव्हती. तो रविवारी गावाला गेला की केळीचे वेफर्स आणायचा, ती कळण्याची भाकरी आणि ठेचा आणायची, आणि दुकानातला चहा रोज दोघांनाही निष्कारण चांगला लागायचा.

"एक विचारू?" तो एकदा म्हणाला. "ते पहिल्या दिवशी ताई म्हणालो होतो, ते... मागे घेता येईल का?"

"बोललेला शब्द मागे कसा घेणार?"

"मग काय म्हणू?"

"नाव आहे ना मला." तिने कप ओठांना लावला, रिकामा होता तरी.

एका शनिवारी मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. नमनालाच घडाभर तेल जाळलं, थंडी वाढली म्हणाला, कपाशीला भाव नाही म्हणाला, आणि मग म्हणाला, "काम संपत आलं इथलं. पुढच्या आठवड्यात जळगावला परत जायचंय."

ज्योत्स्नाला एकदम कपाशी, रस्ता, चहा, सगळं बेचव वाटलं. "बरं," ती म्हणाली.

त्याने तोंड पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर एक प्लॅस्टिकची पुडी बाकावर पडली. पुडी खिशात राहून राहून चुरगळून गेलेली. आत छोटीशी दातेरी गरारी.

"ही कधी मिळाली?"

हितेंद्रने खाली पाहिलं. "पहिल्याच आठवड्यात."

"आणि तो दुकानदाराचा भाचा?"

"त्याचं लग्न झालं की नाही, देव जाणे." तो थांबला. मग मान वर करून एका दमात म्हणाला, "काटा खरा झाला असता तर तू खऱ्या पन्नासने गेली असतीस, ज्योत्स्ना. रस्ता लवकर संपला असता. अंदाज सांगायला मी लागलोच नसतो. आवडतेस तू मला... म्हणून गरारी मिळूनही दिली नाही."

तिला रागवायचं होतं. हसू आलं. "लबाड," ती म्हणाली, आणि पुडी मुठीत घट्ट धरली. "संध्याकाळी पुनाभाऊंच्या गॅरेजवर ये. आवडलेला माणूस खोटारडा नको मला. काटाही नको."

पुना हा सोनगीरचा मेकॅनिक. आबांच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता. त्याने पुडी पाहिली, ज्योत्स्नाकडे पाहिलं, आणि पाना खाली ठेवला.

"पहिले आबाले इचार, पोरी. ती दुसरी गरारी त्यासनीच बसाडाले लावेल शे."

ज्योत्स्ना तशीच गाडी घेऊन शेतावर गेली. मागे हितेंद्र. आबा सर्व्हिस रोडलगतच्या निंबाखाली काठी टेकून बसले होते. तिने गाडी उभी केली आणि पुडी त्यांच्यापुढे धरली.

"आबा, मला फसवलंत?"

आबांनी नाकारलं नाही. "चाळीस म्हनतू तं तू पन्नासनी जाती. म्हनीसन पन्नास म्हनं, आनि काटा खोटा करा." त्यांनी दुखरा पाय चोळला. "भ्याव वाटस माले, पोरी. तू घर येस तवलोंग भाकर गोड लागत नही."

ज्योत्स्नाचा राग तिथेच विरघळला. ती त्यांच्याशेजारी मातीत बसली, पण चावी तिने मुठीत झाकून ठेवली. आता आबांचं लक्ष हितेंद्रकडे गेलं होतं.

"हाऊच ना रोजना?" म्हणजे आबा या निंबाखालून रोज बघत होते. ज्योत्स्नाने चावीवरची मूठ आणखी घट्ट केली. चावी जाणार, आणि नुसती चावीच नाही.

"तुनी गाडी कितली पळस रे?" आबांनी विचारलं.

"शंभरच्या वर जाते, आबा."

"मंग रोज चाळीसनी का चालस?"

हितेंद्रने ज्योत्स्नाकडे पाहिलं. "हिची तेवढीच चालते म्हणून."

आबांनी रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला. ज्योत्स्नाने जड मनाने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. आबांनी ती हितेंद्रच्या हातात दिली.

"पुनाकडे लई जा. गरारी बदली टाका. खोटं मीटर आते नको." काठीवर जोर देऊन ते उठले. "आनि पुढला रविवारे भरीत खावाले ये. मायबापले संगे लई ये."

"आबा, पण तुमचं ॲव्हरेज..." ज्योत्स्ना डोळे पुसत म्हणाली.

"पारवर कोनले सांगू नको," आबा म्हणाले.

सोमवारी सकाळी सोनगीरच्या फाट्यावर दोन गाड्या पुन्हा एकत्र आल्या. हितेंद्रचा नरडाण्यातला तो शेवटचा आठवडा होता, पण आता जळगाव काही फार लांब वाटत नव्हतं. काटा खरा होता. पन्नासची मुभा खरी होती. सर्व्हिस रोडला लागल्यावर हितेंद्रने डावा हात उचलला आणि पाच बोटं दाखवली.

ज्योत्स्नाने काट्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चार बोटं वर केली.

निंबाखालून आबांनी काठी हलवली. मागून कापसाचा एक ट्रॅक्टर आला आणि दोघांनाही मागे टाकून निघून गेला.