खरेपणाचे गुण

सत्यमापी यंत्राच्या प्रयोगशाळेत डॉ. विश्राम अंबर्डेकरांनी कालिंदी दातीरला सर्वांत बुटकी खुर्ची दिली. कालिंदी वीस वर्षं विज्ञानाच्या बातम्या लिहीत होती. अशा खुर्च्या तिच्या ओळखीच्या होत्या.

"तुम्ही त्या बायकांच्या विज्ञानकथाही लिहिता म्हणे," डॉक्टर म्हणाले. "इथं निव्वळ विज्ञान आहे."

"तेच ऐकायला आलेय."

माणसाचं बोलणं ऐकून ते किती खरं, हे यंत्र शंभरपैकी गुणांत सांगे. साठच्या खाली गुण पडले, तर पुढच्या महिन्यापासून पोलीस ठाण्यात तक्रारच नोंदवली जाणार नव्हती.

"याला शिकवलंत कशावर?"

"न्यायालयांतल्या दोन लाख साक्षींवर. ग्राह्य धरल्या त्या खऱ्या, उरलेल्या खोट्या."

"म्हणजे हे खरेपणा मोजत नाही. आजवर कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला गेला, तेवढं मोजतं."

"एकच ते." मठ्ठ विद्यार्थिनीपुढे सोडावा तसा डॉक्टरांनी सुस्कारा सोडला.

कालिंदी यंत्राकडे वळली. "पाणी शंभर अंशांना उकळतं."

"एकेचाळीस," यंत्र बाईच्या मंजुळ आवाजात म्हणालं.

"आता तुम्ही म्हणा, पन्नास अंशांना उकळतं."

डॉक्टरांनी तसं म्हटलं. यंत्राने त्र्याण्णव दिले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

कालिंदीने फोनवर ध्वनिमुद्रित केलेला तो 'त्र्याण्णव' यंत्रालाच ऐकवला.

"अडतीस," यंत्र म्हणालं.

क्षणभर तिला वाटलं, गृहस्थाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी अभियंत्याला हाक मारली. "आवाज बदला. पुरुषी, जरा घोगरा."

दहा मिनिटांत यंत्राने स्वतःला पंच्याण्णव गुण दिले. 'अचूकता पंच्याण्णव टक्के' असं प्रमाणपत्र लगेच छापायला गेलं.

कालिंदीने घडलं तसं लिहिलं, ध्वनिमुद्रण जोडलं आणि बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी संपादकांनी तिला बोलावलं. कागद त्यांच्या पुढ्यात होते.

"झकास जमलीय. दिवाळी अंकात घेऊ."

"ही बातमी आहे."

"तसं डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, असं काही घडलंच नाही." संपादकांनी समजुतीचा सूर लावला. "त्यांचं बोलणं यंत्राला ऐकवलं, चौऱ्याण्णव पडले. तुमचं ध्वनिमुद्रणही ऐकवलं हो. सत्तावीस."

कालिंदीला हसू आलं नाही, रागही आला नाही. या माणसाला आपण इतकी वर्षं 'सर' म्हणत आलो, एवढंच तिच्या मनात आलं. तिने कागद ओढून घेतले, त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि त्यांनी वर लिहिलेला 'कथा' हा शब्द खोडला.